विसाव्यातला वाटा

रविवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की भूगावातच गाड्यांची रांग लागते. पावसाळ्याचे दिवस असतील तर भुकूम, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या पाण्याशी पोचेपर्यंत निम्मी सकाळ सरते. आठवडाभर राबलेलं शहर एका दिवसाच्या विसाव्यासाठी एकाच रस्त्यानं निघालेलं असतं. ज्या हिंजवडीत यातली कितीतरी माणसं पाच दिवस संगणकासमोर बसलेली असतात, ती हिंजवडीही मुळशी तालुक्यातलीच. दमायला तालुक्याच्या एका टोकाला जायचं आणि दमणूक उतरवायला दुसऱ्या टोकाला, असा हा प्रवास आहे.

त्या रांगेत अधूनमधून एखादी मिनीबसही दिसते. आत पेटी, ढोलकी, टाळ, बायबलं, डबे आणि खिडकीशी भांडणारी मुलं. पुण्यातल्या मराठी मंडळ्यांची आत्मिक शिबिरं, कॅथलिकांचे एकांतवास, तरुण संघाची दोन दिवसांची प्रार्थना अशा गोष्टींसाठी ही माणसं लोणावळा, मुळशी, पाचगणी असा डोंगर धरतात. मी त्यांच्यातलीच एक. अशा शिबिरांना मी लहानपणी आईचा हात धरून गेले, पुढे स्वतःच्या ओढीनं गेले. तिथं मला जे मिळालं ते खरं होतं. मन शांत झालं, प्रार्थना पुन्हा जिभेवर आली, ज्यांच्याशी अबोला होता त्यांच्याशी बोलावंसं वाटलं. पण मुळशीच्या काठावर बसून मी जितका विचार करत गेले, तितकं एक जाणवत गेलं. येशूनं देऊ केलेला विसावा एकट्यानं घेऊन घरी जाता येईल असा नाहीच. ज्यांच्या कष्टांवर आपला निवांतपणा उभा असतो, त्यांचा वाटा त्यात आधीपासून धरलेला आहे.

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्याला मत्तयाचा अकरावा अध्याय सांगावा लागत नाही. कष्टानं आणि ओझ्यानं वाकलेल्यांनी आपल्याकडे यावं, त्यांच्या जिवाला विसावा मिळेल, असं येशू तिथं म्हणतो. आजारपणात, मयताच्या घरी, कर्ज झालेल्या घरात पाळकसाहेब हेच वचन काढतात. पण त्याच दमात येशू आपलं जू खांद्यावर घ्यायला सांगतो, त्यावर आपण जरा भराभर पुढे जातो. पुढचाच, बारावा अध्याय उघडतो तो शेतात. शब्बाथाचा दिवस आहे, शिष्य भुकेले आहेत, ते कणसं मोडून खातात आणि विश्रांतीच्या दिवसाचा नियम मोडला म्हणून धर्माचे जाणकार येशूला जाब विचारतात. येशू भुकेल्यांची बाजू घेतो. विसाव्याचं आमंत्रण आणि भुकेचा वाद मत्तयानं असा एकापाठोपाठ एक ठेवला आहे. मला तो योगायोग वाटत नाही.

शब्बाथाची आज्ञा बायबलात दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिची कारणं वेगळी आहेत. निर्गमाच्या पुस्तकात कारण सृष्टीचं आहे. देवानं सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादाच्या पुस्तकात कारण इतिहासाचं आहे. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. म्हणून तुमचा दास, तुमची दासी, बैल, गाढव, तुमच्या वेशीआतला परका या सगळ्यांना तुमच्यासारखीच विश्रांती मिळू द्या. लेवीय आणखी पुढे जातं आणि दर सातव्या वर्षी जमिनीलाही शब्बाथ देतं. म्हणजे विश्रांती हा मालकाच्या सवडीचा प्रश्न राहत नाही. माणूस, जनावर आणि माती यांचा तो हक्क ठरतो.

महाराष्ट्रात हा हक्क कष्टकऱ्याच्या हातात कसा आला, ते पाहिलं की मला फार बरं वाटतं. रविवारची सुटी ब्रिटिशांच्या कचेऱ्यांना होती; राज्यकर्त्यांचा तो उपासनेचा दिवस. गिरण्यांमधल्या मजुराला मात्र नेमाची साप्ताहिक सुटी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि यंत्रं पुसायला बोलावलं तर रविवारीही हजर. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं, म. फुल्यांच्या सहकाऱ्यानं, हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली. ‘दीनबंधु’ पत्र ते चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली आणि हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी दिला. सहा वर्षं हा लढा चालला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, हे त्या मागणीमागचं एक कारण म्हणून सांगितलं जातं. जेजुरीच्या देवाचा वार आणि पुनरुत्थानाचा वार असा एकाच दिवशी मजुराच्या पदरात पडला. अनुवादातली आज्ञा मी वाचते तेव्हा मला लोखंडे आठवतात. दास आणि दासी यांना विसावा मिळू द्या, हे काम मुंबईत एका सत्यशोधकाच्या हातून झालं, याबद्दल एक ख्रिस्ती म्हणून मी त्यांची ऋणी आहे.

मुळशीचं पाणी या गोष्टीला येऊन मिळतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात उतरवायचं आणि त्या उतारावर वीज काढायची, असं तंत्र बसवलं. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याच्या वीजघराला पाणी जातं ते मुळशीच्या धरणातून. निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातलं पाणी, जे एरवी पूर्वेला पुण्याकडे वाहिलं असतं, ते घाटाखाली रायगडात उतरतं. त्यासाठी आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी भातखाचरं बुडाली. पन्नासच्या आसपास गावांना झळ लागली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात ‘सेनापती’ झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. बायकामुलांसह शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. तीन वर्षांनी लढा मोडला आणि धरण झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर संशोधन करून लिहिलेला ग्रंथ मराठीत आहे. मुळशीला सहलीला जाणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

ज्या गिरणीत लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला, त्याच गिरणीचे माग चालवायला मुळशीच्या शेतकऱ्याची जमीन गेली. आज त्या पाण्याच्या काठी आपण रविवारी विसावतो. या तिन्ही गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. शांत पाण्याकडे नेणाऱ्या मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र या काठावर म्हणताना घसा दाटतो, कारण इथलं शांत पाणी कुणाच्या तरी चुलीवरून वाहतं आहे.

मग प्रश्न येतो, की महाराष्ट्रात ज्यांना येशूच्या ठायी विसावा सापडला, त्यांनी त्याचं पुढे काय केलं? मी चार ठिकाणं शोधली. चारही मुळशीपासून फार लांब नाहीत.

पहिलं केडगाव. पुणे जिल्ह्यातलंच, दौंडच्या वाटेवरचं. पंडिता रमाबाईंइतकं थकण्याचं कारण कुणाला असेल? दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. मग भाऊही गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत पती वारले. मुलगी मनोरमा तान्ही होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण बाई आपल्या साक्षीत फार प्रामाणिक आहेत. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असं त्या सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांचा शोध चालूच होता. वाचन, वाद, विद्वत्ता, लोककार्य सारं होतं. जिवाला स्वस्थता नव्हती. ती पुढे आली. आणि ती आल्यावर बाई स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं मरणाच्या दारात आलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलघाणा घातला, छापखाना काढला. अंध मुलींना ब्रेल शिकवलं.

१९०५ च्या जून महिन्यात याच केडगावात जे घडलं त्याला ख्रिस्ती मंडळी आत्मिक संजीवन म्हणतात. मुलींचे जथे पहाटेपासून प्रार्थनेला बसू लागले. रडणं, पापाची कबुली, एकमेकींची क्षमा मागणं, रात्ररात्र चाललेली गाणी. त्याची बातमी जगभर गेली. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. या मुली कोण होत्या? दुष्काळानं उपटून टाकलेल्या, विधवा म्हणून, पोटची पोर म्हणून नकोशा झालेल्या. त्यांच्या अंगात जे दुःख साचलं होतं त्याला केडगावात पहिल्यांदा वाट मिळाली. आधी पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर, हाताला काम, मग हा आक्रोश आणि त्यापाठोपाठ आलेला आनंद. आत्म्याच्या नवेपणाला भाकरीची पायरी लागते, हे बाईंना ठाऊक होतं. स्वतः बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणत बसल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या; सबंध बायबल त्यांच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडलं. म्हणजे ज्या वर्षी मुळशीचा लढा संपला, त्याच वर्षी.

दुसरं ठिकाण नगर जिल्हा, आणि तिथून पुढे सातारा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या प्रवाशानं नवा करार दिला, तिथून त्यांचा शोध सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, त्यानंतरची वर्षं ‘स्मृतिचित्रे’त आहेत; ती इथं सांगण्याची गरज नाही, ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी आजच वाचावीत. मला फक्त एवढं म्हणायचं आहे, की टिळकांच्या मनाला जी शांती मिळाली तिची किंमत कितीतरी वर्षं लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याच्या आत्म्याचा प्रवास चालू असताना माहेरच्या वळचणीला मुलाला घेऊन बसलेल्या बाईचा विसावा कुठं होता? तो त्यांनी पुढे स्वतःच्या पायांनी जाऊन मिळवला. सोवळंओवळं त्यांनी स्वतः विचार करून सोडलं, स्वतःच्या निर्णयानं १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घरात अनाथ मुलांची पंगत बसवली. कुणाच्या मागून फरफटत गेल्याची खूण त्या पुस्तकात नाही.

टिळकांनी मराठी मंडळीला तिचा स्वतःचा सूर दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. अभंग, ओवी, कीर्तन, भजन यांतून त्यांनी येशूला मराठी अंगणात आणलं. ‘उपासना संगीत’ हातात घेऊन आजही आम्ही त्यांचीच भजनं गातो आणि मिनीबसमधली ढोलकी त्यांच्याच पुण्याईची आहे. नगर जिल्ह्यातल्या ज्या खेड्यांत त्यांची कीर्तनं झाली, तिथली मंडळी बहुतेक महार-मांग वाड्यांतली. वतनाच्या चाकरीला रात्र-दिवस नव्हता. पाटलाचा निरोप आला की उठायचं. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक आणलं ते याच बांधलेपणाविरुद्ध. अशा माणसांना भजनाची एक संध्याकाळ म्हणजे काय असेल? त्या संध्याकाळी त्यांना कुणी नावानं हाक मारत होतं, मांडीला मांडी लावून बसवत होतं. आत्म्याचा विसावा म्हणतात त्यात हा बरोबरीनं बसण्याचा भाग किती मोठा असतो, ते ज्यांना रोजच बसायला मिळतं त्यांना कळणं अवघड आहे. शेवटच्या वर्षांत टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

तिसरं ठिकाण पुण्यात, शिवाजीनगरला. जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज मिशनरी नगरला आले, टिळकांच्या प्रभावाखाली आले आणि त्यांनी टिळकांचं चरित्रही लिहिलं. मिशनच्या बंगल्यात राहून येशूची गोष्ट सांगणं त्यांना खुपू लागलं. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. काही वर्षांनी पुण्यात आश्रम उभा राहिला. भारतीय आणि इंग्रज एकत्र राहणारे, खादी नेसणारे, जमिनीवर बसून शाकाहारी जेवणारे, नेमानं प्रार्थनेला आणि कामाला बसणारे. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून आलेला व्हेरिअर एल्विन इथंच दाखल झाला. मुळात तो आला होता ध्यान आणि अभ्यास यांच्या ओढीनं. साबरमतीला गांधीजींना भेटला आणि त्याची दिशा बदलली. संघातला त्याचा मित्र शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली त्या रात्री हे दोघे मुंबईत मणिभवनातच होते. त्याच महिन्यात दोघं मैकल डोंगरातल्या गोंडांच्या गावी, करंजियाला, राहायला गेले. एल्विनचं नाव पुढे जगभर झालं, हिवाळ्यांचं आपण मराठी माणसंही विसरलो. आश्रमातल्या शांततेतून हे दोघे थेट आदिवासींच्या झोपडीत गेले. शांतता माणसाला कुठं नेईल याचा भरवसा नसतो, म्हणून ती मागताना मी आता जपून मागते.

त्या आश्रमाची दुसरी पाळी १९७२ मध्ये सुरू झाली, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून. कॅथलिक संघाच्या सिस्टर्स आणि अँग्लिकन सिस्टर्स एका छपराखाली राहू लागल्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. यातल्या अँग्लिकन सिस्टर्स वाँटेजच्या संघातल्या; ज्यांच्या मठात राहून रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्याच. १८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे मराठी माणसाला ठाऊक असलेल्या पंचहौद मिशनशीही या संघाचं नातं होतं. जन्मानं पारशी असलेल्या वंदना माताजी आणि शंकराचार्यांचा अभ्यास केलेल्या स्कॉटिश सिस्टर सारा ग्रँट यांनी इथं उपनिषदं आणि शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचली. हिंदू साधक, ख्रिस्ती जोगिणी, विद्यार्थी, दमलेले पाळक अशा सगळ्यांना इथं उतरता येई. मराठी चर्चच्या भांडणांनी पोळलेल्या माणसाला अशा जागेची किंमत विचारा. पंथ, संस्था, मालमत्ता, निवडणुका यांत आमच्या मंडळ्यांचं किती बळ जातं, ते मी इथं लिहीत बसत नाही. वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ते माहीत आहे.

चौथं लोणावळा. मुळशीच्या पाण्यापासून उत्तरेला, डोंगरापल्याड. फादर अँथनी डिमेलो मुंबईचे, १९३१ चा जन्म, येशूसंघाचे धर्मगुरू. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी ‘साधना’ संस्था सुरू केली आणि १९७८ मध्ये ती लोणावळ्याला नेली. त्याच वर्षी त्यांचं ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक आलं. फादर शिकले होते मानसशास्त्र, मुरले होते संत इग्नेशियसच्या आत्मिक साधनेत, जिचा पूर्ण एकांतवास तीस दिवसांचा असतो. त्यात त्यांनी इथल्या मातीतली साधनं आणली. श्वासाकडे लक्ष देणं, अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श जाणणं, दूरचे आवाज ऐकत राहणं. विपश्यनेची आणि योगाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण प्रार्थना म्हणजे देवाशी अखंड बोलणं, असंच शिकलेल्या सिस्टर्सना आणि फादरना कुणीतरी प्रथमच गप्प बसायची मुभा देत होतं. सेवा करून करून कोरडी पडलेली माणसं तिथं जात. देवाचं काम करताना देवच हरवतो, ही तक्रार मिशनच्या दवाखान्यांत आणि शाळांत आयुष्य घातलेल्या कुणाकडेही ऐकायला मिळेल. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला फादर अचानक गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या लेखनातल्या काही मतांबद्दल इशारा देणारं पत्रक काढलं. मतभेद असोत, थकलेल्या माणसाला श्वास घ्यायला शिकवणारा गुरू म्हणून माझ्या मनातली त्यांची जागा हललेली नाही.

आता मुळशीच्या काठावरचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही मंडळी गाणी गातात, बिर्याणी खातात आणि परत जातात. सकाळी भजन, एक शास्त्रपाठ, मग मौन. फोन एका टोपलीत. पहिला तास अवघड असतो. मनात घरची कामं, हप्ते, मुलांच्या फिया. कुणी झाडाखाली बसतं, कुणी काठाकाठानं चालतं, कुणी चक्क झोपतं. पूर्वी मला झोपणाऱ्यांचा राग येई. मग एलीयाची गोष्ट नीट वाचली. राजांच्या पहिल्या पुस्तकात तो संदेष्टा जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. मग होरेब डोंगरावर देवाचा हलका आवाज ऐकू येतो. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा. तेव्हापासून शिबिरात कुणी झोपलं, की मी त्याच्या अंगावर चादर टाकते.

या झोपणाऱ्यांत नर्स बहुतेक असतातच. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या दवाखान्यासारख्या मिशन संस्थांपासून मराठी ख्रिस्ती मुलींनी रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी हे काम करू नये, असं समाज म्हणत होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते केलं. रात्रपाळी करून आलेली बाई रविवारी सकाळी उपासनेला कशी येणार? तिचा शब्बाथ वॉर्डातच जातो. दुपारच्या साक्षीच्या वेळी मोठमोठे चमत्कार सांगितले जातात. तिची साक्ष अशी असते, की आज कुणी हाक मारली नाही म्हणून सलग चार तास झोप लागली. मंडळी त्यावर ‘आमेन’ म्हणते. माझ्या लेखी ती दिवसातली सर्वांत मोठी साक्ष असते.

मौनाच्या वेळी स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येतात. तिथं जवळच्या वाड्यांतल्या बायका असतात. त्यांच्या घरच्या जमिनी कुणाच्या तरी फार्महाऊसच्या कुंपणात गेलेल्या, आणि आता त्याच कुंपणात त्या आपल्यासाठी चपात्या लाटतात. शनिवार-रविवार त्यांच्या कामाचे सर्वांत जड दिवस. आपण पाण्याकडे पाहत ज्या आज्ञेवर मनन करतो, ती आज्ञा त्यांच्यासाठी आहे. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशू दमलेल्या शिष्यांना म्हणतो, की जरा एकांती चला, थोडा विसावा घ्या. ते होडीतून निघतात, पण लोक काठाकाठानं धावत त्यांच्या आधी पोचतात. विसावा राहतोच. येशूला त्या लोकांचा कळवळा येतो, संध्याकाळी शिष्य त्यांना परत पाठवायला सांगतात आणि येशू म्हणतो, की तुम्हीच त्यांना जेवू घाला. मग लोक हिरव्या गवतावर पंगती करून बसतात. शिष्य वाढतात. दमले होते ते शिष्य, पण त्या दिवशी बसायला मिळालं ते आलेल्या लोकांना. मला वाटतं, त्या शिष्यांनाही आयुष्यभर तीच संध्याकाळ आठवत राहिली असेल. चारही शुभवर्तमानांत ती गोष्ट आहे.

येत्या उपवासकाळाच्या आधी आमच्या मंडळीचं शिबिर पुन्हा मुळशीला ठरतं आहे. या वेळी मी आयोजकांपुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. शनिवारी रात्री भजनाआधी अर्धा तास मुळशी सत्याग्रहाची हकीकत वाचायची. भांडी आपण घासायची, पाळकसाहेबांसकट, पाळीपाळीनं. आणि दानाच्या थैलीतून स्वयंपाकाच्या बायकांना एका दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, काम न करता, सुटीची म्हणून. यावर बैठकीत थोडी चर्चा झाली. कुणी म्हणालं, त्यांना रविवारीच सुटी देऊ, मग त्याही उपासनेत बसतील. मला ते पटलं नाही. त्यांचा देव कोणता आणि त्यांचा वार कोणता, ते त्यांनी ठरवावं. सुटीचा दिवस कोणता हवा, ते आधी त्यांना विचारून यायचं काम माझ्याकडे आलं आहे.